गोठ्याचं घर करायचंय? आधी कागद, मग भिंत, मग चूल



या महिन्याच्या अभ्यासपाठाचा विषय तुमच्याच बैठकांतून आलाय. कर्जमागणीचे अर्ज वाचताना एक कारण अलीकडे वारंवार दिसतं: "गोठा दुरुस्त करून राहायला." त्यामागची गोष्टही ओळखीची असते. भावाभावांत वाटणी झाली, थोरल्याकडे घर गेलं, धाकट्याच्या वाट्याला गोठा आला. किंवा बैल विकले, नांगरट ट्रॅक्टरने व्हायला लागली, गोठ्यात नुसता कडबा पडून आहे, आणि इकडे मुलाचं लग्न ठरलंय. भिंती उभ्या आहेत, वर छप्पर आहे, दोन खिडक्या पाडल्या आणि फरशी टाकली की झालं घर. असा तोंडी हिशोब होतो आणि गटापुढे ५० हजारांचा अर्ज येतो.

गोठ्याचं चांगलं घर होऊ शकतं, यात शंका नाही. दगडाची दोन फुटी भिंत आज नव्याने बांधायला गेलात तर परवडणार नाही, आणि उन्हाळ्यात तिच्यासारखा गारवा विटेच्या भिंतीत मिळत नाही. पण गोठा बांधणाऱ्याने जनावराचा विचार केला होता, माणसाचा नाही. जमीन उताराची ठेवली मूत वाहून जावं म्हणून. दार बुटकं, खिडकी नाही, कारण जनावराला वारा-पावसापासून आडोसा पुरतो. म्हणून पैशाचा आकडा ठरवण्याआधी कागदावर आखणी करायची. त्या आखणीचा क्रम या पाठात बघू. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा चालतो: आधी फरशीचा रंग ठरतो आणि जागा कुणाच्या नावावर आहे हे शेवटी कळतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरते. लातूर-धाराशिव भागात असतो तसा दगड-मातीचा गोठा. बाहेरून ३० फूट बाय १४ फूट, भिंती दोन फूट जाड, म्हणजे आतून २६ बाय १०. भिंतीची उंची नऊ फूट, दार एकच आणि तेही साडेपाच फुटी. राहणारी माणसं पाच: आपली ताई, तिचा नवरा, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि लहान मुलगा. शिवाय एक म्हैस आणि दोन शेळ्या. ही जनावरं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पहिलं काम: जागा कुणाची?

"आमचीच आहे की" हे उत्तर चालत नाही. कागद बघायचा. गावठाणातल्या जागेसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. त्यावर कुणाचं नाव आहे, आणि तिथे "गोठा" लिहिलंय, "घर" लिहिलंय की "खुली जागा", हे वाचा. नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा कागद आहे, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. ज्या गावांत स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली आहे, तिथे मिळकत पत्रिका तयार झाली असेल, तीही बघून घ्या. गोठा शेतात असेल तर सातबारा बघायचा आणि राहतं घर करण्याबद्दल तलाठ्यांना आधीच विचारायचं.

आता खरी अडचण. पुष्कळ घरांत कागदावर अजून सासऱ्यांचं नाव असतं आणि सासरे जाऊन दहा वर्षं झालेली असतात. वाटणी झाली ती चार माणसांत बसून तोंडी. फार तर स्टॅम्प पेपरवर लिहून सह्या घेतल्या. पण तो कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला नसेल तर उद्या भांडण लागल्यावर तुमच्या हातात फारसं काही राहत नाही. आज दीर म्हणतात, "वहिनी, घाला की पैसे, तुमचाच आहे गोठा." ते खोटं बोलत नसतात. पण पाच वर्षांनी त्यांच्या मुलाचं लग्न निघतं, जागा लागते, आणि तोवर तुमच्या बचतीचा पैसा त्या भिंतीत गेलेला असतो. भिंत काही काढून नेता येत नाही.

म्हणून आधी वारस नोंद करा, मग वाटणीपत्र नोंदवा, मग खर्च करा. वारसांत नणंदाही येतात. वडिलांच्या मिळकतीत मुलीचा हक्क आहे, आणि २००५ च्या कायदा-दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीने हिस्सा दिला आहे. तिने स्वखुशीने हक्क सोडला तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र होतं. "बहिणीची सही घेऊन टाकू" असं ज्या सहजपणे बोललं जातं, ते मला खटकतं. तुम्हीही कुणाच्या तरी बहीण आणि नणंद आहात. तिला बोलवा, चहा करा, काय चाललंय ते नीट सांगा आणि मग तिला ठरवू द्या.

नाव लावताना दुसरी गोष्ट. ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावता येतं, त्यासाठी ग्रामविकास विभागाचं २००३ चं परिपत्रक आहे. गटाचं कर्ज तुमच्या नावावर, हप्ता तुम्ही भरणार, मग उताऱ्यावर तुमचं नाव का नको? हा प्रश्न घरात भांडण म्हणून मांडू नका. अर्ज लिहा, नवऱ्याची सही घ्या. बरेच दादा लोक सही करतात, आजवर कुणी विचारलेलं नसतं एवढंच. नवरा हयात नसेल तर विधवा म्हणून तुम्ही पहिल्या वर्गाच्या वारस आहात. "मुलाच्या नावावर करू, तुझं काय" असं कुणी म्हटलं तरी वारसाच्या रकान्यात तुमचं नाव आलंच पाहिजे.

घरकुल यादीत नाव असेल तर इथे एक क्षण थांबा. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजारांचं अर्थसाहाय्य हप्त्याहप्त्याने मिळतं, आणि घर स्वयंपाकाच्या जागेसह कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट असावं लागतं. काम सुरू करण्याआधीच्या जागेचा फोटो घेतला जातो, मग टप्प्याटप्प्याचे फोटो. मंजुरीआधीच तुम्ही गोठा पाडला किंवा अर्धं काम करून बसलात तर गुंतागुंत होते. आधी ग्रामसेवकांशी बोला. गावठाणात बांधकामात फेरबदल करायलाही ग्रामपंचायतीची परवानगी लागतेच.

दुसरं काम: भिंतीला विचारा

माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण तुमच्यापैकी अनेकींना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत असेल. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. किल्लारीच्या त्या भूकंपात हजारो माणसं गेली. ती गेली मुख्यतः घरांखाली सापडून, आणि घरं होती अशाच भिंतींची: जाड दगड, मधे मातीचा भराव, वर धाब्याची जड माती. म्हणून आपल्या भागात जुन्या दगडी गोठ्यात माणसं झोपवायची असतील तर भिंत आणि छप्पर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. यात मी कुणाचं "काय होतंय" ऐकून घेणार नाही.

ही दोन फुटी भिंत बाहेरून एक दिसते, पण असते दोन भिंतींची जोडी. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि मधे बारीक दगड-माती कोंबलेली. दोन्ही थरांना धरून ठेवणारा लांब दगड मधूनमधून घातलेला नसेल तर धक्का बसल्यावर, किंवा नुसतं पाणी मुरूनही, बाहेरचा थर सुटून येतो.

गवंड्याला बोलावण्याआधी हे तुम्ही स्वतः बघू शकता. दोरीला दगड बांधा, झाला ओळंबा. तो भिंतीच्या डोक्यापासून सोडा आणि भिंतीने कुठे पोट काढलंय का बघा. चारही कोपरे बघा, उभी चीर आहे का आणि तिच्यात बोट जातं का. दाराच्या वरचा दगड किंवा लाकूड वाकलंय का. भिंतीवर मूठ आपटून कुठे पोकळ आवाज येतो का. पावसाळ्यात पागोळ्या कुठे पडतात, तिथे पायाजवळ माती वाहून गेलीय का. सगळं वहीत भिंतीप्रमाणे लिहा: पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर.

आता निर्णय. चिरा बारीक असतील आणि भिंत ओळंब्यात असेल तर मजबुतीकरण होऊ शकतं. पोट मोठं असेल, दोन कोपरे सुटले असतील, तर त्या भिंतीवर प्लास्टर मारणं म्हणजे आजारी माणसाला नवं लुगडं नेसवणं. ती बाजू उतरवून त्याच दगडात पुन्हा बांधायची, किंवा सरळ ठरवायचं की गोठा कडब्याला राहू दे, शेजारी एक खोली नवी बांधू. असा निर्णय आला तर तो अपयश समजू नका. आखणी त्यासाठीच करतो आपण.

मजबुतीकरणाच्या रीती किल्लारीनंतर याच जिल्ह्यांत गावोगाव दाखवल्या गेल्या. त्या कामात महिला मंडळांच्या बायका "संवाद सहायक" म्हणून घरोघर जाऊन समजावत होत्या. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या कुणी ते काम केलं असेल तर त्यांना बैठकीला जरूर बोलवा. मुख्य रीती तीन आहेत. एक, दोन थर जोडणं. साधारण तीन-तीन फुटांवर, वरखाली आलटून-पालटून, भिंतीतला एक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरायचं. घण मारून भोक पाडायचं नाही, पहारीच्या टोकाने दगड सैल करून काढायचा. दोन, दारखिडक्यांच्या वरून चारही भिंतींना एकसलग पट्टा, म्हणजे जाळी आणि सिमेंटचा कंबरपट्टाच, कोपऱ्यात न तोडता. तीन, छपराचं ओझं कमी करणं.

या ओझ्याचा हिशोब करून बघा. आपल्या उदाहरणातलं छप्पर ३० गुणिले १४, म्हणजे ४२० चौरस फूट. धाब्यावर एक फूट माती असेल तर ४२० घनफूट. दाबलेली माती घनफुटाला ४५ किलोच्या आसपास भरते. गुणाकार करा: १८ हजार ९०० किलो. जवळपास १९ टन डोक्यावर घेऊन आपण झोपतो. दर वर्षी गळतं म्हणून वरून पांढरी माती टाकत गेलो की हा थर वाढतच जातो. माती काढून आठ इंचांवर आणली, मधे जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, की सहा टनांच्या वर ओझं कमी होतं आणि गळतीही थांबते. माती काढताना दोन्ही बाजूंनी सारखी काढत यायचं आणि खाली माणूस-जनावर ठेवायचं नाही. लाकडी खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरपे टेकू ठोकून घ्या. लाकडाला वाळवी लागलीय का हे सुरी खुपसून बघा. सुरी लोण्यासारखी गेली तर ते लाकूड बदलायचं.

पत्रा असेल तर ओझ्याची चिंता नाही, उन्हाची आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी बाळ ठेवता येत नाही. वरून चुना मारा, खाली बांबू-चटईचं किंवा परवडेल त्या पाट्यांचं आढं करा, आणि पत्रा व आढं यांच्यामधून वारा जाईल अशी जागा सोडा. पत्र्यावर दगड ठेवायची आपली सवय मात्र सोडायची. पत्रे हुक-बोल्टनेच आवळायचे. वावटळीत पत्रा उडाला तर तो दगड कुणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही.

जमीन, उंची आणि लोणा

इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

गोठ्याच्या जमिनीत वर्षानुवर्षं मूत मुरलेलं असतं. त्यावर सरळ कोबा किंवा फरशी टाकली तर पहिल्या पावसाळ्यात ओल आणि वास दोन्ही वर येतात. म्हणून निदान एक फूट माती उकरून काढायची. आपल्या गोठ्यात ती २६ गुणिले १० गुणिले १, म्हणजे २६० घनफूट, अडीच ब्रासच्या वर भरेल. ती फेकू नका, उकिरड्यात किंवा शेतात टाका, उत्तम खत आहे ते. भिंतीलगतची माती एकदम सगळीकडून काढू नका. जुन्या भिंतींचा पाया उथळ असू शकतो. चार-चार फुटांचे तुकडे करून उकरा आणि लगेच मुरूम भरत या. काळी माती भरायची नाही, ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगा देते, वरची फरशी उचलली जाते.

आता उंची. घराची जमीन अंगणापेक्षा दीड फूट तरी वर हवी, नाहीतर पावसाचं पाणी आणि सरपटणारं सगळं आत. म्हणजे काढलेला एक फूट आणि वरचा दीड, असा अडीच फूट भराव. २६ गुणिले १० गुणिले अडीच, ६५० घनफूट, साडेसहा ब्रास. मुरूम चोपल्यावर बसतो, म्हणून आठ ब्रास धरा. पण जमीन दीड फूट वर आली की नऊ फुटांची भिंत आतून साडेसात फूट उरते आणि साडेपाच फुटांचं दार उरतं चार फूट! वाकून आत जावं लागेल. म्हणजे दाराची चौकट वर घ्यायची, त्यावरचं तुळवट काढून नवं बसवायचं. हा खर्च "दोन खिडक्या आणि फरशी" वाल्या हिशोबात कुठेच नसतो. भराव फूटभरच करून अंगणाचं पाणी चराने बाहेर काढता येतं का, हेही बघा. प्रत्येक जागेचं उत्तर वेगळं येईल, पण टेप लावल्याशिवाय ते येणार नाही.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी पावडर सुटलेली दिसेल. हाच लोणा. मुतातले क्षार भिंतीत चढतात आणि प्लास्टर फुगवून पाडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर वर्षभरात पापुद्रे निघतात. जुना गिलावा पूर्ण खरवडून काढा, दगडांच्या सांधी मोकळ्या करा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा, आणि भिंतीला एक उन्हाळा मोकळं वाळू द्या. मग चुन्याचा किंवा मातीचा गिलावा करा, तो भिंतीला श्वास घेऊ देतो. ज्यांना घाई आहे त्यांना हे आवडत नाही. पण याला तोडगा नाही.

सांधी मोकळ्या झाल्या की त्यातली गोचिडं आणि त्यांची अंडीही दिसतील. जनावर हललं म्हणजे गोचीड गेली असं होत नाही, ती भिंतीच्या फटीत राहते. सांधी दाबून भरणं आणि चुन्याचे हात देणं हाच पहिला उपाय. औषध फवारायचं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून, घर रिकामं असतानाच.

तिसरं काम: रांगोळीने घर आखा

आता गंमतीचा भाग. नकाशा काढता येत नाही म्हणून बायका मागे राहतात आणि घर गवंडी ठरवतो. नकाशा नको. मोकळ्या अंगणात २६ बाय १० चा चौकोन रांगोळीने किंवा चुन्याच्या फक्कीने आखा. आत भिंती आखा. दार आखा. मग त्यात वावरा. कळशी घेऊन दारापासून चुलीपर्यंत चाला. भाकरी थापायला बसा आणि मागून कुणाला जायला जागा उरते का बघा. सासूबाईंना तिथे आडवं व्हायला सांगा. रात्री उठून बाहेर जायचं तर त्यांना किती जणांना ओलांडावं लागतं? मुलगी कपडे कुठे बदलेल, अभ्यासाला कुठे बसेल? न्हाणी आणि संडास कुठे? ते आखणीत नंतर घालू म्हटलं की कायमचं राहून जातं. संडासासाठी पात्र कुटुंबाला स्वच्छ भारत मिशनमधून १२ हजार मिळतात, ग्रामपंचायतीत विचारा.

दहा फूट रुंदीच्या लांबट जागेत एक चूक ठरलेली: तीन खोल्या एकापुढे एक. मग मधल्या खोलीतून सगळ्यांची ये-जा, कुणालाच आडोसा नाही. त्यापेक्षा लांब भिंतीच्या मधोमध दार घ्या. आत आलं की बैठकीची जागा, डावीकडे स्वयंपाक, उजवीकडे झोपायची खोली. मधल्या भिंती हलक्या करा, छपरापर्यंत दगडी नकोत. चूल बाहेरच्या भिंतीला लावा, वर धुराला वाट आणि समोरच्या भिंतीत खिडकी, म्हणजे वारा आरपार जाईल. गॅस असला तरी पाणी तापवायला चूल पेटतेच.

नव्या खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब ठेवा, आणि दोन खिडक्यांमध्येही दोन फुटांपेक्षा कमी भिंत सोडू नका. दगडी भिंतीला भगदाड पाडायच्या आधी वरच्या भागाला टेकू लागतो. एका वेळी एकच खिडकी. वीज शेतपंपाच्या जोडणीवरून ओढायची नाही, महावितरणकडे घरगुती जोडणीचा वेगळा अर्ज करायचा, आणि अर्थिंग करून घ्यायचं.

आणि ती म्हैस? आखणीत तिचं नावच नसतं. घर झालं की ती बाहेर उघड्यावर, आणि जून आला की तुमच्या नव्या ओसरीत. मग शेण, माशा, डास दारातच. म्हशीला आणि शेळ्यांना वेगळं छप्पर, घराच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि दारापासून जमेल तेवढं लांब, हे पहिल्याच दिवशी रांगोळीत आखा. जुना काढलेला पत्रा आणि लाकूड तिथे वापरता येईल. पहाटे पाच वाजता शेण काढायला तुम्हीच जाणार आहात, तेव्हा ती वाट कुठून जाते हेही तुम्हीच ठरवा. सांडपाण्याची मोरी परसबागेत सोडा. खोल काळ्या मातीत शोषखड्डा लवकर भरतो आणि पाणी जिरत नाही.

पैसा आणि महिने

आता आकडा. पण एक आकडा नको, चार टप्पे करा: भिंत आणि छप्पर, मग जमीन आणि दार, मग खिडक्या आणि मधल्या भिंती, शेवटी फरशी-रंग. पैसा संपला तर शेवटचा टप्पा राहिला पाहिजे, पहिला नव्हे. सारवलेल्या जमिनीवर दोन वर्षं राहता येतं. सुटलेल्या भिंतीखाली एक रात्रही नको. जुन्यातून काय निघणार, दगड किती, लाकूड किती, पत्रे किती, तेही वहीत मांडा. तुमची स्वतःची मजुरी मांडा. मुरूम वाहणं, माती चोपणं, बांधकामाला पाणी मारणं हे सगळं घरचीच बाई करते आणि कुठल्याच हिशोबात येत नाही. गावात बाईला जी रोजंदारी मिळते त्या दराने लिहा.

कर्जाचं बोलू. गटातून ५० हजार घेतले, शिल्लक मुद्दलावर दरमहा शेकडा एक रुपया व्याज, फेड २५ महिने. दर महिन्याला मुद्दल २ हजार. पहिल्या महिन्याचं व्याज ५००, म्हणून पहिला हप्ता २ हजार ५००. तो हळूहळू उतरत २ हजार २० वर येतो. एकूण व्याज ६ हजार ५००. म्हशीसाठी कर्ज घेतलं तर दूध हप्ता भरतं. घर दूध देत नाही. म्हणून हप्ता कुठल्या पैशातून जाणार, त्या कमाईचं नाव अर्जावर लिहा: दूध, शिवण, मजुरी, जे असेल ते. एका घरावर दोन ठिकाणची कर्जं घेऊ नका. गटानेही टप्प्याप्रमाणे रक्कम द्यावी. पहिला टप्पा झाला, दोन सख्या जाऊन बघून आल्या, मग पुढची.

महिन्यांचा हिशोब आपल्या भागात पाण्यावर ठरतो. सिमेंटच्या कामाला निदान आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे पाणी मारावं लागतं. मे महिन्यात प्यायलाच टँकर असतो, तेव्हा काँक्रीटला कोण पाणी देणार? म्हणून भिंतीचं जोडकाम आणि पट्टा रब्बीची पेरणी उरकल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारीत. भिंत वाळायला आणि जमीन चोपायला उन्हाळा. छप्पर उतरवलंच तर वळवाच्या पावसाआधी परत चढलेलं हवं. कागदाचं काम या सगळ्याच्या आधी, म्हणजे आत्ता, पावसाळ्यातच सुरू करायचं.

गवंड्याला एकरकमी "पूर्ण करून द्या" असं काम देऊ नका. टप्प्याचा दर ठरवा, पैसे टप्पा झाल्यावर द्या, आणि जोडदगडाची भोकं मोजूनच पुढे जाऊ द्या. ती गिलाव्याखाली गेली की कुणालाच मोजता येत नाहीत.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास: ज्यांना गोठ्याचं घर करायचंय त्यांनी तीन गोष्टी आणाव्यात. नमुना ८ चा उतारा, चार भिंतींची तपासणी लिहिलेली वही, आणि रांगोळीच्या आखणीचा मोबाईलवर काढलेला फोटो. ज्यांना करायचं नाही त्यांनी निदान आपल्या राहत्या घराचा उतारा आणून आपलं नाव त्यावर आहे का ते वाचावं. दोघांच्या नावे नोंद करण्याच्या अर्जाचा नमुना तुमच्या ग्रामसंघाच्या लेखनिक ताईंकडे ठेवला आहे. अर्ज दोन प्रतींत लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर ग्रामपंचायतीचा शिक्का व तारीख घेऊन ती घरी पिशवीत जपून ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक